डोकं कुणाच्या मालकीचं?

आमच्या सूतगिरणीच्या गेटातून आत शिरलं की हजेरीच्या मशीनशेजारी काचेचा एक बोर्ड आहे. त्यावर दर महिन्याला एक फोटो लागतो. खाली लिहिलेलं असतं, 'या महिन्याची उत्तम सुधारणा'. मागच्या पावसाळ्यात तिथं आमच्या रिंग खात्याच्या साहेबाचा फोटो लागला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय. सुधारणा काय? तर ट्रॉलीची चाकं जाम होत होती, ती व्हायची थांबली.

गिरणीबाहेरच्या दोस्तांना ट्रॉली म्हणजे काय ते सांगायला हवं. रिंग फ्रेमवर सूत भरलं की त्या कांड्या उतरवायच्या, क्रेटमध्ये टाकायच्या, क्रेट ट्रॉलीवर रचायचे आणि ट्रॉली ढकलत पुढच्या खात्यात न्यायची. फरशीवर तूस आणि तुटक्या सुताचे तुकडे पडलेले असतात. ते चाकाच्या दांड्याला गुंडाळत जातात. आठ दिवसांत चाकाभोवती दोराचा गोळा. मग चाक फिरत नाही, नुसतं फरफटतं. भरलेली ट्रॉली ढकलताना बायांच्या कमरेतनं कळ निघते.

आमच्या खात्यात एक फिटरचा हेल्पर आहे. सगळे त्याला मामा म्हणतात. शिक्षण सातवी, अंगावर तीस वर्षांचं ग्रीस. त्यानं भंगारातला प्लास्टिकचा पाइप उचलला, बोटभर रुंदीच्या कड्या कापल्या आणि चाकाच्या दोन्ही अंगांना दांड्यावर अशा बसवल्या की सुताला आत शिरायला फटच राहिली नाही. तिसऱ्या पाळीत, जेवायच्या सुट्टीत. पहिली कडी सैल झाली, दुसरी घासायला लागली, तिसरी बसली. साहेबानं येऊन मोजमाप घेतलं, मोबाईलवर फोटो काढला, कागद वर पाठवला. साहेबाला बक्षीस मिळालं. मामांना चहा मिळाला.

माझं डोकं फिरलं. मी मामांना म्हटलं, "मामा, हे तुमचं हाय. तुम्ही बोला, नायतर मी बोलतो." मामा हसले. म्हणाले, "पोरा, ट्रॉली हलकी झाली ना? बायांची कंबर वाचली. मग झालं की."

त्या दिवशी पाळीवरून येऊन मला झोप लागली नाही. कारण मामांचं बोलणं चूक नव्हतं. आणि बोर्डावरचा फोटो तर धडधडीत खोटा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? हातानं केलेल्या कामाचा पगार मिळतो, तो कमी असला तरी मोजता येतो. पण डोक्यातून निघालेली युक्ती कुणाची? आणि 'ती माझी' असं म्हणणं हा मोठेपणाचा सोस आहे, की माणूसपणाचा हक्क? मित्रांनो, या लेखात मला एवढंच खोदायचं आहे.

पेटंट हा शब्द आपल्याला लांबचा वाटतो. मोठ्या कंपन्या, औषधं, वकील. पण आपण जगतो तेच मुळी जुन्या पेटंटांच्या ढिगाऱ्यावर. आपल्या खोलीला ज्या जातीच्या सिमेंटचा गिलावा आहे, त्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली इंग्लंडातल्या जोसेफ अ‍ॅस्पडिननं घेतलं. तो लीड्सचा गवंडी होता. मी ज्या रिंग फ्रेमवर राबतो, तिच्या मुळाशी अमेरिकेतल्या जॉन थॉर्पचं १८२८ सालचं पेटंट आहे. पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवायचं पेटंट लंडनमध्ये पीटर ड्युरंडनं १८१० साली घेतलं. म्हणजे घर, काम आणि घास, तिन्हीवर कधी ना कधी कुणाच्या तरी नावाचा शिक्का बसलेला आहे.

पेटंट हा एक सौदा असतो. सरकार म्हणतं, तुझी युक्ती लपवू नकोस, सगळ्यांपुढे उघडी कर. त्या बदल्यात ठरावीक वर्षं तुझ्या परवानगीशिवाय ती दुसऱ्या कुणी वापरायची नाही. आपल्या देशात आज ही मुदत वीस वर्षं आहे. मुदत संपली की युक्ती साऱ्या जगाची. पण हा सौदा व्हायच्या आधी कायदा एक प्रश्न विचारतो. खरा आणि पहिला शोधकर्ता कोण? मला पेटंटात रस आहे तो या प्रश्नापुरता.

हिंदुस्थानात असा पहिला कायदा १८५६ साली आला. मुदत चौदा वर्षं. त्या कायद्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या इंजिनिअरनं केला. कशासाठी? पंखा ओढायच्या यंत्रासाठी. साहेबाला वारा मिळावा म्हणून गडी दोरी ओढत बसायचा, ते काम करणारं यंत्र. डी पेनिंगनं कुणाचं काही चोरलं असं मी म्हणत नाही. मला दिसतं ते एवढंच, की या देशातल्या पेटंटाच्या पहिल्या कागदावर पंखा ओढणाऱ्याचं काम आहे आणि तो स्वतः कुठंच नाही. दोरीला किती ताण द्यायचा, हात कधी बदलायचा, पेंगताना ओढ कशी चालू ठेवायची, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ठाऊक असणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं.

या प्रश्नाचं सगळ्यात नागडं रूप मला अमेरिकेत सापडलं. ज्यांच्या पँथरवरून १९७२ साली आपल्या पोरांनी नाव घेतलं, त्या काळ्या माणसांच्या खापरपणज्यांच्या काळात.

मिसिसिपी राज्यात ऑस्कर स्टुअर्ट नावाचा मळेवाला होता. त्याच्या ताब्यात नेड नावाचा गुलाम होता. कागदोपत्री तो फक्त नेड. आडनाव नाही. कापसाच्या ओळीच्या दोन्ही बाजू एकाच फेरीत खरवडून निघतील असं एक अवजार नेडनं बनवलं. १८५७ साली स्टुअर्टनं सरकारकडे पेटंट मागितलं, आणि मागितलं ते स्वतःच्या नावावर. अवजार नेडनं बनवलं हे त्यानं लपवलं नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. गुलामाच्या मेहनतीचं फळ मालकाचं असतं, मग ती मेहनत हाताची असो की बुद्धीची.

हा युक्तिवाद ऐकल्यासारखा वाटतो ना? मनूच्या आठव्या अध्यायात तो आहे. बायको, मुलगा आणि दास या तिघांना स्वतःचं धन नाही, ते जे मिळवतील ते ज्याचे ते असतील त्याचं. १९२७ साली महाडला जे पुस्तक जळलं त्यातलं हे कलम. मिसिसिपीच्या मळेवाल्यानं मनू वाचला नसणार. त्याची गरजही नव्हती. दुसऱ्याच्या कष्टावर बसलेल्याला हे कलम आपोआप सुचतं.

पुढं काय झालं बघा. पेटंट कचेरीनं नकार दिला. प्रकरण देशाच्या अ‍ॅटर्नी जनरलपर्यंत गेलं. जून १८५८ मध्ये जेरेमाया ब्लॅकनं मत दिलं, गुलामानं लावलेला शोध नवा असला, उपयोगी असला, तरी त्याला पेटंट नाही. कारण काय? अर्जदारानं शपथ घ्यायची असते की मीच पहिला शोधकर्ता आणि मी अमुक देशाचा नागरिक. १८५७ सालीच तिथल्या सुप्रीम कोर्टानं ड्रेड स्कॉटच्या खटल्यात सांगून टाकलं होतं की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक नाही. म्हणजे नेड शपथ घेऊ शकत नाही. आणि मालकानं शोध लावलेला नाही, म्हणून मालकही शपथ घेऊ शकत नाही.

दोस्तहो, इथं जरा थांबा. कापूस नेडच्या हातातून ओढून नेता येत होता. नेडची पोरं ओढून नेता येत होती. पण युक्ती ओढून नेता येईना. कारण ती घ्यायची तर आधी 'ही नेडच्या डोक्यातून आली' असं कबूल करावं लागत होतं. आणि एकदा गुलामाला डोकं आहे असं कबूल केलं की गुलामीचा सगळा वाडाच हलतो. म्हणून कायद्यानं दुसरी वाट धरली. शोधाला बापच नाही असं ठरवून तो मोकळा झाला.

नेडच्या युक्तीसारखीच गत बेंजामिन माँटगोमेरीच्या युक्तीची झाली. तोही मिसिसिपीतलाच गुलाम, जोसेफ डेव्हिसच्या मळ्यावरचा. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटीसाठी त्यानं पंखा तयार केला. पेटंट नाकारलं गेलं. पण या जोसेफचा धाकटा भाऊ जेफर्सन डेव्हिस १८६१ साली गुलामी टिकवू पाहणाऱ्या फुटीर राज्यांचा अध्यक्ष झाला. त्या राज्यांनी लगेच स्वतःचा पेटंट कायदा केला आणि त्यात कलम घातलं, की शोध गुलामाचा असेल तर शपथ मालकानं घ्यावी आणि पेटंट मालकाला मिळावं. भोक बुजवलं.

स्टुअर्टनं पेटंटाशिवायच नेडचं अवजार बनवून विकायला काढलं. त्याच्या जाहिरातीत एक पत्र छापलं होतं. त्याचा मतलब असा, की गुलामानं एवढा चांगला शोध लावला, म्हणजे गुलामीनं बुद्धी खुरटते हे खोटं ठरलं. बघा, नेडचं नाव पेटंटावर नाही, नफ्यात त्याला वाटा नाही, आणि त्याच्या बुद्धीची साक्ष काढली ती त्याच्याच बेडीच्या बाजूनं. माझ्या गिरणीतला बोर्ड मला तेव्हा नीट दिसला. मामांची युक्ती त्यांच्याकडून गेली एवढंच झालं नाही. 'साहेबाशिवाय तुम्हाला काही सुचत नाही' याचा पुरावा म्हणून ती आमच्याच डोळ्यांपुढे टांगली गेली.

कुणी म्हणेल, अपवाद असतील, बुद्धी असेल तर माणूस वर येतोच. मग नॉर्बर्ट रिलियूचं ऐका. जन्म १८०६, न्यू ऑर्लीन्स. आई काळ्या वंशाची पण स्वतंत्र, बाप गोरा इंजिनिअर. शिक्षण पॅरिसला. त्या काळी उसाचा रस उघड्या कढयांत उकळायचे आणि गुलाम पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतायचे. अंग भाजायचं, लाकूड बेसुमार जळायचं. रिलियूनं बंद भांड्यांची रांग लावली. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला तापवते, आणि पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवला की रस कमी उष्णतेवर उकळतो. त्याला १८४३ साली पेटंट मिळालं, १८४६ साली दुसरं. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांत रस आटवायची जी भांडी ओळीनं उभी आहेत, ती आजही याच तत्त्वावर चालतात. ऊस तोडून थकलेल्या आपल्या माणसांना कुणी सांगितलंय का, की आतलं यंत्र एका काळ्या माणसाच्या डोक्यातून आलंय?

रिलियूला पेटंट मिळालं आणि नेडला नाही. दोघांच्या डोक्यात फरक होता का? फरक कागदात होता. एकाकडे स्वतंत्र असल्याचा कागद होता, दुसऱ्याचा स्वतःच्याच देहावर हक्क नव्हता. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिलं की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. मी त्यात माझ्या खात्यातलं एक जोडतो. ही वाटणी शेवटी हात आणि डोकं यांची होते. हात तुमचे, डोकं त्यांचं. तुमच्या हाताला काही सुचलं तरी ते हाताला सुचलं असं धरायचं, म्हणजे ते फुकट.

आता आमच्या अभ्यासवर्गातला एक कॉम्रेड मला अडवतो. तो म्हणतो, "अरे, पेटंट म्हणजे ज्ञानाभोवती घातलेलं कुंपण. ते तोडायचं सोडून तू नेडला कुंपणाचा तुकडा मिळाला नाही म्हणून रडतोस?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पेटंट मिळूनही माणूस कसा नागवला जातो हेही मी वाचलंय. यान माट्झेलिगर, सुरिनामचा काळा मजूर, अमेरिकेत लिन गावी जोड्यांच्या कारखान्यात राबला. जोड्याचं कातडं साच्यावर ओढून बसवायचं सगळ्यात अवघड काम करणारं यंत्र त्यानं बनवलं. १८८३ साली पेटंट त्याच्या नावानं निघालं. पण यंत्र उभं करायला पैसा नव्हता, म्हणून हक्काचा मोठा भाग त्यानं भांडवलवाल्यांना आधीच देऊन टाकला होता. १८८९ साली तो क्षयानं मेला. वय छत्तीस. नाव राहिलं, धन दुसऱ्यांकडं गेलं. आपल्यात जोडे शिवणाऱ्यांची घरं आहेत, त्यांनी हे नाव पाठ करावं.

तरी कॉम्रेडला माझं उत्तर आहे. नाव आणि मालकी या दोन गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नकोस. फ्रान्सच्या निकोला अपेरनं अन्न टिकवायची रीत शोधली. त्यानं पेटंट घेतलं नाही. सरकारकडून बारा हजार फ्रँक घेतले आणि १८१० साली सगळी रीत पुस्तकात छापून टाकली. त्यानं मालकी सोडली, पण रीत त्याचीच म्हणून ओळखली गेली. कारण सोडायला आधी ती त्याची होती. नेडकडे सोडायला काही नव्हतं. ज्याचं नावच लागलं नाही, त्यानं दान केलं असं कसं म्हणणार? त्याची लूट झाली.

आणि पगारी माणसाचं काय? स्वीडनमध्ये १९४४ साली एरिक वॉलेनबर्ग नावाच्या प्रयोगशाळेतल्या साध्या सहायकाला सुचलं, की कागदाच्या नळीला आडव्या-उभ्या चिमट्यात दाबलं तर चार त्रिकोणी बाजूंची दुधाची पिशवी तयार होते. टेट्रा पॅक तिथून निघालं. पेटंटाचा अर्ज गेला तो मालक रुबेन राउसिंगच्या नावानं. वॉलेनबर्ग गुलाम नव्हता. मीही गुलाम नाही. पाळी सुटली की मी गेटाबाहेर पडतो, युनियन करू शकतो, हा लेख लिहू शकतो. नेडला विकता येत होतं. दोघांना एकाच मापानं मोजणं हा नेडचा अपमान होईल. पण पगार दिला म्हणजे डोकंही घेतलं, हा हिशेब स्टुअर्टच्याच वहीतला आहे. फक्त अक्षर सुधारलंय. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानंसुद्धा एवढी लाज राखली आहे. मालकी कंपनीकडे गेली तरी शोधणाऱ्याला आपलं नाव पेटंटात नमूद करून घ्यायचा हक्क कलम २८ देतं. मामांच्या कडीला पेटंट मिळणार नाही, एवढी ती नवलाची चीज नाही. पण हे कलम समजायला पेटंट कशाला लागतं? एका काचेच्या बोर्डापुरतं ते का लागू होऊ नये?

आता मामांकडे येतो. 'ट्रॉली हलकी झाली ना?' हे वाक्य मी कितीतरी रात्री उलटंपालटं केलं. आधी मला वाटलं, ही आपल्या बापजाद्यांची जुनी लाचारी बोलतेय. मिळेल ते पदरात घ्यायचं आणि गप्प बसायचं. मग वाटलं, नाही, हा मोठ्या मनाचा माणूस आहे. आज मला असं वाटतं की हे वाक्य मामांच्या तोंडी शोभतं, कारण सोडणारे ते आहेत. तेच वाक्य साहेबानं म्हटलं तर ती चोरी होते. 'नावात काय आहे, काम झालं ना' हे ज्याचं नाव बोर्डावर आहे त्यानं म्हणायचं नसतं. मोठ्या मनाचा हक्क लुटलेल्याचा आहे, लुटणाऱ्याचा नाही. आणि मामांनी सोडलं ते मनापासून की नोकरीच्या भीतीनं, हे कळायला आधी त्यांना विचारलं पाहिजे होतं. त्यांना कुणी विचारलंच नाही. माझ्या मते गुन्हा तिथं आहे. बक्षिसाचे पैसे ही नंतरची गोष्ट.

मग आपण काय करायचं? काळ्या माणसांनी काय केलं ते सांगतो. गुलामी १८६५ साली कायद्यानं गेली, पण 'काळ्यांनी कधी काही शोधलंय का' हा टोमणा राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन मरे, जन्मानं गुलाम, पुढं साउथ कॅरोलिनातून निवडून गेलेला काळा खासदार. त्यानं १८९४ साली काळ्या शोधकर्त्यांच्या पेटंटांची यादी तिथल्या संसदेच्या नोंदीत घातली. पेटंट कचेरीत हेन्री बेकर नावाचा काळा तपासनीस होता. पेटंटाच्या कागदावर वंश लिहिलेला नसतो. म्हणून १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठी पत्रावर पत्रं पाठवून, विचारून विचारून, त्यानं नावं गोळा केली. दगड नाही, मोर्चा नाही, नुसती यादी. पण त्या यादीनं टोमण्याच्या तोंडाला कुलूप लावलं. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांना गुलामीतून सोडवायला झटलेल्या अमेरिकेतल्या माणसांना. म्हणजे तिकडचा धडा इकडं आणायची आपली रीत जुनी आहे.

तेव्हा मित्रांनो, वह्या काढा. गटार साफ करताना दम कोंडू नये म्हणून कुणी काय युक्ती काढली, वीटभट्टीवर वीट तडकू नये म्हणून मातीत काय कालवलं, ऊस बांधायची गाठ कुणी बदलली, ते लिहा. माणसाचं नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा. त्याला विचारून लिहा.

मीही विचारलं. लेख लिहून झाल्यावर मामांना वाचून दाखवला आणि म्हटलं, "मामा, तुमचं नाव घालतो." मामा बराच वेळ चाकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. पोरीचं लग्न व्हायचंय. अजून चार वर्षं हायत माझी."

म्हणून या लेखातही त्यांचं नाव नाही. बोर्डावर नाही तसं इथंही नाही. फरक एवढाच की इथं त्यांना विचारलं होतं. त्यांचं नाव माझ्या वहीत आहे, पूर्ण, बापाच्या नावासकट. चार वर्षांनी छापू.

जय भीम.